नकाशावर सही असते, सळईवर नजर कोणाची?

"जागा माझी, पैसा माझा, राहणार मी, मग घर बांधायला परवानगी कशाला हवी?" हा प्रश्न आमच्या लातूर जिल्ह्यात घर बांधायला काढलेला प्रत्येक माणूस एकदा तरी विचारतो, आणि विचारणाऱ्याचा त्रागा मला समजतो. सातबारा, मोजणी नकाशा, बिगरशेतीचा आदेश, झोन दाखला, विकास शुल्काचे चलन हे सगळे गोळा करता करता माणसाचा अर्धा उत्साह कार्यालयाच्या पायऱ्यांवरच संपतो. तरीही परवानगी हवीच, असे माझे स्पष्ट मत आहे. माझी तक्रार वेगळी आहे. आपण परवानगी सोपी केली, प्रमाणपत्राची जबाबदारी कार्यालयाकडून तज्ज्ञाकडे सोपवली, आणि तो तज्ज्ञ बांधकामावर येतो की नाही, हे पाहण्याचे काम मात्र कोणाकडेच ठेवले नाही.

आधी नियम काय आहे ते पाहू, कारण याविषयी लोकांमध्ये बराच गैरसमज आहे. मुंबई आणि आणखी काही क्षेत्रे वगळता राज्यभर डिसेंबर २०२० पासून एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. तिला सगळे युडीसीपीआर म्हणूनच ओळखतात. या नियमावलीने लहान भूखंडांसाठी मोठी सवलत दिली. १५० चौरस मीटरपर्यंतचा भूखंड असेल, तर मालकी हक्काची कागदपत्रे, नकाशा आणि परवानाधारक तज्ज्ञाचे प्रमाणपत्र दाखल करायचे व शुल्क भरायचे. त्याची पोचपावती हीच परवानगी मानली जाते. १५० ते ३०० चौरस मीटरच्या भूखंडाला दहा दिवसांत परवानगी मिळणे अपेक्षित आहे. त्यापूर्वीही १९६६ च्या नगररचना कायद्यात साठ दिवसांत उत्तर न आल्यास परवानगी मिळाली असे मानण्याची तरतूद होतीच. पण तिच्या भरवशावर पाया खणण्याचे धाडस किती जणांनी केले असेल, देव जाणे. त्या मानाने नवी पद्धत निश्चितच चांगली आहे. "घर बांधायला परवानगीच लागत नाही" असा तिचा जो अर्थ गावोगावी पसरला, तो मात्र सपशेल चुकीचा आहे. सामासिक अंतर (घराभोवती सोडायची मोकळी जागा), चटई क्षेत्र (भूखंडावर एकूण किती बांधता येते ते), उंची हे सगळे नियम जसेच्या तसे आहेत. ते पाळले गेले आहेत हे आधी कार्यालय तपासत असे. आता तज्ज्ञ लिहून देतो आणि त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला जातो.

हा तज्ज्ञ कोण असतो, हेही समजून घेण्यासारखे आहे. 'आर्किटेक्ट' ही उपाधी १९७२ च्या कायद्याने संरक्षित आहे आणि वास्तुविशारद परिषदेत नोंदणी असल्याशिवाय ती लावता येत नाही. मात्र हा कायदा उपाधीला संरक्षण देतो, व्यवसायाला नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये दिला. अभियंत्यांसाठी तर वकील किंवा डॉक्टरांसारखा केंद्रीय नोंदणी कायदाच नाही. त्यांना परवाना देते ती स्थानिक संस्था, पदवी किंवा पदविका आणि अनुभव पाहून. नोंदणी रद्द होईल या धास्तीने डॉक्टर जपून वागतो. घराच्या मजबुतीची हमी देणाऱ्या अभियंत्यावर तेवढा धाक ठेवणारी कुठलीही देशव्यापी परिषद आपल्याकडे नाही.

आता प्रत्यक्षात काय घडते? तालुक्याच्या ठिकाणी नकाशाचा दर ठरलेला असतो आणि त्या दरात नकाशा, सह्या, ऑनलाइन दाखल करण्याचे काम आणि शेवटी घरात राहायला जाण्यासाठी लागणारे भोगवटा प्रमाणपत्र असे सगळे एकगठ्ठा येते. त्यात देखरेख नसते, हे दोन्ही बाजूंना ठाऊक असते. पूर्णत्वाच्या दाखल्यावर मात्र हे बांधकाम माझ्या देखरेखीखाली झाले असून साहित्य व कारागिरी विनिर्देशांप्रमाणे आहे, अशा आशयाचा मजकूर असतो आणि त्याखाली शिक्क्यासह सही असते. माझ्या घराच्या बांधकामावर सगळ्यात जास्त वेळा आलेला अभियंता बँकेचा होता. कर्जाचा प्रत्येक हप्ता सोडण्यापूर्वी तो येई, जोते झाले का, स्लॅब पडला का हे पाही, फोटो काढी आणि जाई. त्याचे काम चोख होते, पण किती बांधले एवढेच तो पाहत होता. कसे बांधले, हा त्याचा विषय नव्हता आणि नकाशावर सही करणाऱ्याच्या ठरलेल्या फीमध्येही तो बसत नव्हता.

कसे बांधले याचा निकाल ज्या गोष्टींवर लागतो, त्या बारीक असतात आणि काँक्रीट ओतले की कायमच्या झाकल्या जातात. कॉलमच्या उभ्या सळयांना जी चौकोनी रिंग घालतात, तिची दोन्ही टोके १३५ अंशांत वळवून आतल्या काँक्रीटमध्ये शिरली पाहिजेत, असे भूकंपरोधक बांधकामाचे मानक सांगते. आमच्या साइटवर रिंगा आल्या त्या काटकोनात वळवलेल्या. काटकोनात वळवायला सोपे जाते, सळई वाचते, बांधणी झपझप उरकते. भूकंपाचा हादरा बसला की अशी टोके उघडतात, रिंग सुटते आणि उभ्या सळया बाहेर फुगतात. मी मिस्त्रींना विचारले, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "मालक, वीस वर्षं अशाच रिंगा बांधतोय, एक तरी घर पडलेलं दाखवा." मिस्त्री माणूस प्रामाणिक होता. लाकडी पट्टीवर खिळे ठोकून रिंग वळवण्याचे त्याचे कसब मी तासभर बघत बसलो होतो. कोन बदला असे सांगणारा माणूस आजवर त्याला भेटला नव्हता, इतकेच. वेगळे पैसे ठरवून एका संरचना अभियंत्याला मी बोलावले. त्याने पाच मिनिटांत एक रिंग वळवून दाखवली आणि पुढच्या सगळ्या रिंगा मिस्त्रींनी तशाच केल्या. हिशोबात कुरकुर झाली, पण सळईचा जादा खर्च माझ्या अंदाजापेक्षा पुष्कळच कमी आला.

लातूर जिल्ह्यात बसून ही गोष्ट हलक्याने घेता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात जवळपास दहा हजार माणसे गेली. ती ज्या घरांखाली गेली, ती मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींची आणि डोक्यावर मातीच्या माळवदाचा भार असलेली घरे होती. तेव्हाच्या भूकंप नकाशात आमचा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. पुढे २००२ च्या सुधारित मानकात किल्लारी परिसर तिसऱ्या झोनमध्ये, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात आला. त्या पहाटेनंतर लोकांनी दगडाची धास्ती घेतली आणि 'कॉलमचे घर' म्हणजे सुरक्षित घर अशी समजूत सगळीकडे रूढ झाली. पण २००१ मध्ये कच्छला हादरा बसला, तेव्हा दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेत काँक्रीटच्याच बहुमजली इमारती कोसळल्या. काँक्रीट असण्याने घर वाचत नाही, त्यातली सळई कशी बांधली यावर ते वाचते. किल्लारीनंतरच्या पुनर्वसनात एक फार चांगली गोष्ट घडली होती. जिथे जुनी घरे जागेवरच दुरुस्त आणि मजबूत करायची होती, तिथे अभियंते गावांत जाऊन काम बघत होते आणि गवंड्यांना प्रशिक्षणही दिले जात होते. म्हणजे हे आपल्याला जमत नाही असे नाही, मोठे संकट कोसळल्यावर आपण ते करून दाखवले आहे.

आमच्याकडच्या काळ्या मातीचा विषय तर वेगळाच आहे. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, म्हणून पाया तिच्या खाली कडक मुरमापर्यंत न्यावा लागतो. मुरूम किती खोलीवर आहे हे खड्ड्यात उतरल्यावरच कळते. तरी नकाशावर पायाची खोली आधीच छापलेली असते आणि शेजारच्या दोन्ही प्लॉटांच्या नकाशांवरही तोच आकडा असतो.

फ्लॅट घेणाऱ्याला निदान रेरा कायद्याचे संरक्षण आहे. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामात संरचनात्मक दोष निघाला, तर विकासकाला तो स्वखर्चाने दुरुस्त करून द्यावा लागतो. स्वतःच्या प्लॉटवर घर बांधणारा माणूस या चौकटीबाहेर राहतो, कारण तिथे विकासक तोच असतो. ठेकेदाराशी व्यवहार चौरस फुटाच्या मजुरीवर ठरतो, बहुधा तोंडी; कागद झालाच तर त्यावर हप्त्यांचे आकडे असतात, दोष निघाल्यास जबाबदारी कोणाची याचा उल्लेख नसतो. ग्राहक आयोगाकडे जाता येते, घरबांधणी ही कायद्याच्या दृष्टीने सेवाच आहे. पण करारच नसेल, तर आयोगापुढे काय ठेवणार? आणि वर आपणच सळया गच्चीवर उघड्या सोडतो, पुढे मुलासाठी मजला चढवायचा म्हणून. दहा-बारा वर्षे पावसात गंजलेल्या त्या सळयांवर पुढे खरोखरच मजला चढतो, आणि खालचे कॉलम व पाया तो भार पेलतील का, याचे गणित कोणी करत नाही. वरच्या मजल्याची परवानगी काढलीच, तर पुन्हा एक सही मिळते.

या सगळ्या साखळीत ज्याच्या हाताने घर उभे राहते, त्या गवंड्याचा आणि सळई बांधणाऱ्याचा उल्लेख कुठल्याच प्रमाणपत्रात नसतो. सही करणाऱ्याला पदवी लागते, परवाना लागतो, नूतनीकरण लागते. ज्याच्या चुकीने कॉलम कमजोर होतो, त्याच्याकडून कोणी काहीच मागत नाही, आणि त्याला कोणी काही शिकवतही नाही. गवंड्यांना परवान्याच्या रांगेत उभे करा, असे मी म्हणणार नाही. त्यातून आणखी एक खिडकी आणि आणखी एक दलाल तयार होईल. प्रत्येक तालुक्यात दरवर्षी चार दिवसांचे प्रत्यक्ष हाताने करून शिकण्याचे प्रशिक्षण आणि ते घेतलेल्या कारागिरांची नगरपरिषदेच्या फलकावर लावलेली यादी, एवढ्यानेही पुष्कळ फरक पडेल. लोक ती यादी बघतील, याची मला खात्री आहे.

शासनाकडे माझे मागणे याहून मोठे नाही. तज्ज्ञावर विश्वास ठेवलात ते बरेच केलेत, पण मग त्याच्या भेटीचा पुरावा घ्या. पायाची सळई, जोते, कॉलमच्या रिंगा आणि स्लॅबची सळई या चार टप्प्यांवर, काँक्रीट ओतण्यापूर्वी, तज्ज्ञाने जागेवरून स्थळ-वेळेसह काढलेला फोटो त्याच ऑनलाइन प्रणालीत चढवावा, आणि तो नसेल तर पूर्णत्वाचा दाखला स्वीकारू नये. नकाशा चढवण्याची सोय आहे, तर फोटो चढवण्याची का नसावी? आपणही सहीचा दर पाडून मागणे सोडून देखरेखीची फी वेगळी ठरवावी, ती या चार भेटींमध्ये विभागून द्यावी आणि प्रत्येक भेटीची नोंद साइटवरच्या वहीत करून घ्यावी. दर्शनी भिंतीच्या टाइल्सवर आपण जेवढा खर्च सहज करतो, त्यापेक्षा ही फी बहुतेक घरांत कमीच भरेल. लातूर-धाराशिव भागात ज्यांची घरे सध्या जोत्यापर्यंत आली आहेत, त्यांनी कॉलम भरण्याआधी एकदा रिंगेचा कोन स्वतः जाऊन बघावा आणि तो काटकोनात दिसला, तर काम तिथेच थांबवून अभियंत्याला फोन करावा.