इयान रश ते वाक्य बोललाच नव्हता

'फुटबॉलपटूंची अचाट वक्तव्यं' अशा मथळ्याची एक पोस्ट ग्रुपांवर वर्षानुवर्षं फिरते आहे, आणि तिच्यात इयान रशचा नंबर हमखास वरचा. मजकूर थोडाफार बदलतो, आशय तोच. लिव्हरपूलचा हा वेल्श सेंटर फॉरवर्ड 1987 मध्ये इटलीत तुरीनच्या युव्हेंटस क्लबला गेला, लीगमध्ये जेमतेम सात गोल केले, भाषा-जेवण काही झेपेना म्हणून वर्षभरात पळून आला आणि आल्यावर म्हणाला, "इटलीत राहणं म्हणजे परदेशात राहिल्यासारखं वाटत होतं." खाली हसून हसून डोळ्यांत पाणी आलेले पिवळे चेहरे. अलीकडे त्याला शेपूटही जोडलेलं दिसतं: परतल्यावर तो संपलाच, आणि वर्ल्ड कप तरी कुठे खेळला?

सात गोल खरे. एकच मोसम तिथे खेळला, हेही खरं. बाकीचं एकेक करून बघू.

आधी ते वाक्य. आपण असं बोललोच नाही, हे रशने आजवर कितीतरी वेळा सांगितलं आहे. इटलीहून परत आलेल्या माणसाची ड्रेसिंग रूममध्ये जी टिंगल व्हायची तीच पुढे छापून आली आणि त्याच्या नावावर चिकटली, असं त्याचं म्हणणं. त्याचा शब्द प्रमाण मानायचा नसेल तर नका मानू. पण मग कुठल्या मुलाखतीत, कुठल्या दिवशी, कोणापुढे तो हे बोलला, एवढं तरी पोस्टवाल्यांनी सांगावं. ते कधीच नसतं. इतकं घोटीव, टाळी घेणारं वाक्य खऱ्या मुलाखतीत सहसा सापडत नाही. ते कुणीतरी सावकाश बसून रचलेलं असतं.

पोस्ट रंगते ती या वाक्यावर, पण खरा आरोप सात गोलांचा आहे. तिथे जरा थांबावं लागेल.

1987-88 ची सेरी ए, म्हणजे इटलीची अव्वल लीग, काय होती? सोळा संघ, प्रत्येकाचे तीस सामने, जगातले सर्वांत महागडे फॉरवर्ड आणि त्यांच्यापेक्षाही बेरकी बचावपटू. त्या मोसमात लीगमध्ये सर्वाधिक गोल केले दिएगो मॅराडोनाने. किती? 15. त्याच्या खालोखाल नापोलीचाच करेका, 13. एसी मिलान विजेता ठरला आणि 1987 चा बॅलन डि'ऑर, म्हणजे युरोपातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार, ज्याला मिळाला त्या रूड गुलिटचे लीगमधले गोल होते 9. या रांगेत 29 सामन्यांत 7 हा आकडा अभिमानाचा नाही, पण हसण्यासारखाही नाही. आज एकेक जण मोसमाला तीस-पस्तीस गोल मारतो. ती फूटपट्टी घेऊन त्या इटलीत शिरलं तर मॅराडोनासुद्धा नापास व्हायचा. पोस्टमध्ये इटालियन चषकातले गोलही धरलेले नसतात. त्या स्पर्धेत पेस्काराविरुद्ध एकाच सामन्यात त्याने चार मारले होते.

आता तो ज्या संघात गेला तो बघा. मिशेल प्लाटिनी त्याच उन्हाळ्यात निवृत्त झाला होता. म्हणजे ज्याच्या पासवर धावण्यासाठी कोणत्याही सेंटर फॉरवर्डने तुरीन गाठलं असतं, तोच माणूस मैदानात नव्हता. उरला मायकेल लाउड्रप, आणि त्या मोसमात लाउड्रपला लीगमध्ये एकही गोल करता आला नाही. लाउड्रप! काही वर्षांनी बार्सिलोनात ज्याने भल्याभल्यांना वेड लावलं तो. प्रशिक्षक रिनो मार्केझी यांचा संघ कसाबसा सहावा आला. अशा संघात एकट्या रशला नापास ठरवायचं, हा कुठला न्याय?

खेळाच्या पद्धतीचाही प्रश्न होता, आणि माझ्या मते मुख्य तोच. लिव्हरपूलमध्ये रश प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या बचावपटूच्या खांद्याला खांदा लावून उभा राहायचा. केनी डाल्ग्लिशच्या पायात चेंडू आला की बचावफळीच्या मागच्या मोकळ्या जागेत सुटायचा. इंग्लंडमध्ये चार बचावपटू एका ओळीत खेळत, त्यामुळे ही जागा मिळायची. इटलीत एक जण अंगाला चिकटलेला असे आणि त्याच्याही मागे लिबेरो, म्हणजे मोकळा सोडलेला शेवटचा बचावपटू, झाडू मारायला उभा. जिथे रश धावायचा ती जागाच तिथे नव्हती. शिवाय लिव्हरपूलमध्ये चेंडू गेला की तो परत मिळवायला सर्वांत पुढून रशच धावून जाई आणि मागचा अख्खा संघ त्याच्यासोबत पुढे सरके. बचाव करत मागे बसणाऱ्या संघात पुढच्या एकट्याने अशी धाव घेऊन काय होणार? धाप लागते, बस.

हे उमजायला, अंगवळणी पडायला वेळ लागतो. किती वेळ, याचा दाखला खुद्द रशच्या चरित्रात आहे आणि पोस्टवाल्यांना तो बहुधा ठाऊक नाही. फ्लिंट या उत्तर वेल्समधल्या गावात, दहा भावंडांत वाढलेला हा पोरगा चेस्टरकडून खेळत असताना 1980 मध्ये लिव्हरपूलने त्याला तीन लाख पौंडांना घेतलं. अठरा वर्षांच्या मुलासाठी ही तेव्हा अवाढव्य रक्कम होती. आणि 1980-81 च्या मोसमात लिव्हरपूलच्या पहिल्या संघाकडून त्याचे गोल किती? शून्य. सात लीग सामन्यांत एकही नाही. मला का खेळवत नाही, असं विचारायला तो प्रशिक्षक बॉब पेझलींकडे गेला. पेझलींचं उत्तर सरळ होतं: तू गोल करत नाहीस म्हणून, जरा आपमतलबी हो. पुढच्या मोसमात सगळ्या स्पर्धा मिळून त्याने 30 गोल केले. 1983-84 मध्ये 47, त्यात लीगचे 32, आणि युरोपातल्या सर्वाधिक गोलांचा गोल्डन बूट. लहानपणी तो लिव्हरपूलच्या गावातल्याच वैऱ्याचा, एव्हर्टनचा, चाहता होता बरं का. 1982 च्या नोव्हेंबरात त्याच एव्हर्टनला त्यांच्याच मैदानात त्याने एकट्याने चार गोल घातले.

म्हणजे लिव्हरपूलने पहिल्या मोसमावरून निकाल दिला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. युव्हेंटसमध्ये पहिला मोसम मिळाला, दुसरा मिळालाच नाही. माझा मुद्दा खरं तर एवढाच आहे.

आणि इटालियन बचावपटूंपुढे त्याचं काही चाललंच नाही म्हणणाऱ्यांसाठी एक तारीख: 4 जून 1988, ब्रेशिया. युरो स्पर्धेला निघण्यापूर्वी इटलीचा राष्ट्रीय संघ सरावाला म्हणून वेल्सशी खेळला आणि घरच्या मैदानावर 1-0 असा हरला. गोल इयान रशचा. तोच इटलीचा संघ पुढे युरोची उपांत्य फेरी खेळला. त्याआधी काही दिवस आणखी एक प्रसंग घडला होता. लीगमध्ये युव्हेंटस आणि गावातलाच वैरी तोरिनो यांचे गुण सारखे झाले. यूएफा कप या युरोपीय क्लब स्पर्धेतली जागा ठरवायला वेगळा सामना घ्यावा लागला, तोही गोलशून्य, मग पेनल्टी. युव्हेंटसला जिंकून देणारी पेनल्टी मारली रशने. तुरीनमध्ये तोरिनोविरुद्ध निर्णायक पेनल्टी मारणं हे आपल्याकडे बसून वाटतं तितकं सोपं काम नाही.

'भाषा-जेवण झेपलं नाही' यात तथ्य आहे. एकटेपणाबद्दल, भाषेच्या अडचणीबद्दल रश स्वतः मोकळेपणाने बोलला आहे. पण पोस्टमधला सूर वेगळा असतो: गावंढळ वेल्श पोरगा, त्याला काय इटली कळणार! त्यांनी युव्हेंटसच्याच चाहत्यांना जॉन चार्ल्सबद्दल विचारावं. स्वान्सीचा हा धिप्पाड गडी 1957 मध्ये लीड्सकडून तिथे गेला, पहिल्याच मोसमात 28 गोल करून लीगमध्ये अव्वल ठरला आणि तीन लीग विजेतेपदांचा वाटेकरी झाला. 'इल जिगांते बुओनो', भला राक्षस, हे त्याचं तिथलं लाडाचं नाव. लिव्हरपूलचाच आणखी एक वेल्श फॉरवर्ड जॉन टोशॅक, प्रशिक्षक म्हणून स्पेनमध्ये इतका रुळला की 1990 मध्ये त्याने रेआल माद्रिदला लीग जिंकून दिली. रेआल माद्रिदमध्येच गाजलेल्या वेल्सच्या गॅरेथ बेलचं तर सांगायलाच नको. उलट दाखलाही देतो, नाहीतर मी सोयीचं तेवढंच उचललं म्हणाल. वेल्सचाच मार्क ह्यूझ 1986 मध्ये बार्सिलोनाला गेला आणि एका मोसमानंतर त्याला बायर्न म्युनिकला उसना धाडावा लागला, तर त्याच्यासोबतच गेलेला इंग्लंडचा गॅरी लिनेकर पहिल्याच मोसमात वीसेक लीग गोल करून मोकळा झाला. माणसागणिक फरक पडतो. वेल्श असण्याचा इथे काय संबंध?

याच संदर्भात एक गोष्ट कुठल्याच पोस्टमध्ये येत नाही, याचं मला नवल वाटतं. 29 मे 1985 ला ब्रसेल्सच्या हायसेल स्टेडियममध्ये युव्हेंटस आणि लिव्हरपूल यांच्या युरोपियन कपच्या अंतिम सामन्याआधी लिव्हरपूलचे प्रेक्षक चाल करून गेले, भिंत कोसळली आणि 39 माणसं मेली. बहुतेक इटालियन. रश त्या सामन्यात लिव्हरपूलकडून खेळला होता. आणि जेमतेम वर्षभराने त्याने त्याच युव्हेंटसशी 32 लाख पौंडांचा करार केला. (तेव्हा इटलीत संघामागे दोनच परदेशी खेळाडू चालत आणि प्लाटिनी-लाउड्रप आधीच होते, म्हणून आणखी एक मोसम तो लिव्हरपूलकडूनच खेळला आणि त्यात 40 गोल केले.) त्या शहरात, त्या चाहत्यांपुढे लिव्हरपूलचा माणूस म्हणून उभं राहायचं होतं. परदेशाची भीती वाटणारा माणूस ही वाट धरत नाही.

'पळून आला' हे तर अगदीच काहीतरी. करारबद्ध खेळाडू पळत नसतो, त्याला विकतात. 1988 च्या उन्हाळ्यात डिनो झॉफ प्रशिक्षक झाले, नवे परदेशी खेळाडू आले, युव्हेंटसला बदल हवा होता आणि रशलाही घरी जायचं होतं. लिव्हरपूलने त्याच्यासाठी सत्तावीस-अठ्ठावीस लाख पौंड मोजले. एखाद्या ब्रिटिश क्लबने तोवर कोणासाठीही इतके दिले नव्हते. तो विक्रम तीन वर्षांनी मोडला तो लिव्हरपूलनेच, आणि तोही दुसऱ्याच वेल्श फॉरवर्डसाठी, डीन सॉन्डर्ससाठी. वाया गेलेल्या मालाला कुणी विक्रमी किंमत देतं का?

राहिलं 'परतल्यावर संपला'. इथे पोस्टवाल्यांना थोडं देणं भाग आहे, कारण वेग उतरला होता. इटलीपूर्वी लिव्हरपूलकडून 224 लीग सामन्यांत 139 गोल, परतल्यावर 245 सामन्यांत 90. फरक उघड दिसतो. पण 'संपला'? हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूलचे चाहते चेंगरून मेले, त्या दुर्घटनेनंतर महिनाभराने, 20 मे 1989 ला, एफए कप या इंग्लंडमधल्या बाद पद्धतीच्या स्पर्धेचा अंतिम सामना एव्हर्टनशी झाला. रश बदली खेळाडू म्हणून आला आणि जादा वेळेत दोन गोल करून 3-2 असा विजय मिळवून दिला. पुढच्या मोसमात लीग जिंकली, त्यात त्याचे 18 गोल. 1992 च्या एफए कप अंतिम सामन्यात संडरलँडविरुद्ध पुन्हा गोल, म्हणजे 1986 च्या अंतिम सामन्यातले दोन धरून एकूण पाच, आणि हा विक्रम आजही त्याच्याच नावावर आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरात ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर युनायटेडविरुद्ध गोल करून त्याने रॉजर हंटचा सर्वाधिक गोलांचा क्लब-विक्रम मागे टाकला. 1995 चा लीग कप कर्णधार म्हणून उचलला, तोही कारकिर्दीतला पाचवा. क्लब सोडला तेव्हा आकडा होता 660 सामने, 346 गोल. लिव्हरपूलच्या इतिहासात एवढे गोल अजून कोणाचे नाहीत.

आणि वर्ल्ड कप. नाही खेळला. वेल्स 1958 नंतर थेट 2022 मध्ये वर्ल्ड कपला पोचलं, त्याला रश एकटा काय करणार? 1985 मध्ये कार्डिफला स्कॉटलंडविरुद्ध वेल्स 1-0 पुढे होतं. शेवटच्या दहा मिनिटांत वादग्रस्त हँडबॉलवर स्कॉटलंडला पेनल्टी मिळाली, 1-1 अशी बरोबरी झाली आणि आशा संपली. त्याच रात्री स्कॉटलंडचे प्रशिक्षक जॉक स्टीन मैदानाच्या कडेलाच कोसळून वारले. 1993 मध्ये पुन्हा कार्डिफ, समोर रोमेनिया, 1-1 अशी बरोबरी, आणि पॉल बोडिनची पेनल्टी आडव्या खांबावर आदळली. सामना 1-2 असा गेला. या दोन्हींच्या मधे, 5 जून 1991 ला, याच शहरात विश्वविजेत्या जर्मनीला वेल्सने 1-0 असं हरवलं होतं. तो गोल रशचा. देशासाठी 73 सामन्यांत त्याने 28 गोल केले. तो विक्रम मोडायला गॅरेथ बेलला मार्च 2018 मध्ये चीनविरुद्ध हॅट्‌ट्रिक करावी लागली.