पाचट पेटवा, फुफ्फुसं शेकून घ्या

ऊस तुटला, शेवटची ट्रॉली हलली, रानात उसाच्या वाळल्या पानांचं ढोपरभर पाचट पडलंय. आता वेळ घालवू नका. उद्या-परवा एखादा कृषी सहायक बांधावर उगवला तर पाचट कुजवण्याचं तंत्र ऐकवत बसेल. त्याच्या आत काडी लावून मोकळे व्हा.

काडी कधी लावायची, एवढं मात्र शिकून घ्या. भर दुपारी पेटवण्याचा गाढवपणा करू नका. दुपारी जमीन तापलेली असते, गरम हवा वर चढते आणि सगळा धूर आभाळात वाया जातो. दिवस मावळू द्या. हिवाळ्यात सूर्य बुडाला की जमिनीलगतची हवा झपाट्यानं गार होते, वरचा थर तिच्यापेक्षा उबदार राहतो आणि खालची हवा वर जायचं नाव घेत नाही. अशा वेळी पेटवलेलं पाचट घराघरांत पोचतं आणि सकाळी ऊन चढेपर्यंत मुक्कामाला राहतं. गावजेवणात कुणी उपाशी राहिलेलं आपल्याला आवडत नाही, तसंच हे.

बांधाकडेचं पाचट आत ओढून तीन-चार मीटरचा मोकळा पट्टा ठेवा, असं कुणी सांगेल. ठेवू नका. पट्टा ठेवला तर शेजाऱ्याचा उभा ऊस पेटणार कसा? पेटला की तो बिचारा कारखान्याची तोडीची चिठ्ठी देणाऱ्या स्लिप बॉयकडे पळेल, जळालेल्या उसातली साखर तासागणिक फुटत जाईल, वजन घटेल, कारखाना ‘जळीत’ म्हणून कपात लावेल आणि तुमचं त्याच्याशी तीन पिढ्या पुरेल एवढं वैर होईल. ठिबकच्या नळ्याही गोळा करायची गरज नाही. वितळलेल्या नळ्यांचा धूर पाचटाच्या धुराला जरा शहरी वास देतो.

खर्चाचा हिशेब कुणी मांडायला लागला तर कानांवर हात ठेवा. एका हेक्टरात आठ ते दहा टन पाचट निघतं. त्यात नत्र साधारण अर्धा टक्का. म्हणजे दहा टनांत ५० किलो नत्र, युरियाच्या भाषेत सुमारे १०९ किलो, ४५ किलोच्या जवळजवळ अडीच गोण्या. हे नत्र आगीत हवेत उडतं. पालाश राखेत राहतो, पण राख पहिल्या वाऱ्याला शेजारच्या शिवारात जाते. दान गुप्त असावं. शिवाय तुम्ही पुढच्याच महिन्यात खोडव्याला, म्हणजे त्याच बुडख्यांतून पुन्हा फुटणाऱ्या उसाला, घालायचा युरिया मिळवण्यासाठी कृषी सेवा केंद्रासमोर रांगेत उभे असणारच आहात, मग रांगेची मजा का घालवायची?

पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रानं सांगितलेली रीत इथे केवळ तुम्ही ती चुकूनही करू नये म्हणून देतो. बुडखे धारदार कोयत्यानं जमिनीलगत छाटायचे आणि त्यांवर लिटरला एक ग्रॅम कार्बेन्डाझिमची फवारणी करायची. पाचट एकसारखं पसरायचं, किंवा पाणी अडतं अशी तक्रार असेल तर एक सरी सोडून एका सरीत दाबायचं, म्हणजे मोकळ्या सरीतून पाणी धावतं. पाचटाच्या दर टनाला आठ किलो युरिया, दहा किलो सुपर फॉस्फेट आणि एक किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धन टाकायचं. युरिया यासाठी, की पाचटात कार्बन रग्गड आणि नत्र तुटपुंजं. वरून नत्र दिलं नाही तर जिवाणू ते जमिनीतून ओढतात आणि खोडवा पिवळा पडतो. मग लोक म्हणतात, ‘पाचट ठेवलं म्हणून ऊस पिवळा पडला.’ पुढं पाणी द्यायचं आणि वाफशावर पहारीनं बुडख्याच्या कडेला वीतभर खोल छिद्र पाडून खत द्यायचं. तण कमी, पाणी कमी, आणि दहा टनांतून चार-पाच टन खत जागेवरच. वाचूनच थकलात ना? काडी स्वस्त. पेटवा.

‘पेटवल्याशिवाय खोडवा फुटत नाही,’ हे वाक्य तर पाठच करा. फूट चांगली येते ती बुडखे खालून छाटल्यानं आणि वरचं पाचट बाजूला झाल्यानं. पण श्रेय आगीला द्यायची आपली जुनी रीत आहे.

वाऱ्याची दिशा बघायची की नाही, याबाबत मात्र अमेरिकेचा आदर्श ठेवा. फ्लॉरिडातल्या पाम बीच काउंटीत ऊस तोडणीआधी उभाच पेटवतात. तिथे १९९१ पासून नियम आहे: वारा पूर्वेला, म्हणजे किनाऱ्यावरच्या श्रीमंत वस्त्यांकडे वाहत असेल तर पेटवायची परवानगी आखडती घेतात. पश्चिमेला बेल ग्लेड, पहोकी या उसाच्या गावांकडे वाहत असेल तर तसली अडचण नाही. तिथले लोक घरांवर पडणाऱ्या काजळीला ‘काळा बर्फ’ म्हणतात. आपल्याकडे एवढी यंत्रणा नको. धूर झेडपीच्या शाळेकडे आणि दलित वस्तीकडे जातो की चेअरमनसाहेबांच्या बंगल्याकडे, एवढं मावळतीला उपरणं उडतं तिकडे बघून कळतं.

ब्राझीलचा आदर्श ठेवू नका. साओ पाउलो राज्यानं २००२ मध्ये कायदा करून ऊस पेटवणं टप्प्याटप्प्यानं बंद करायला घेतलं. पिरासिकाबा शहरात पेटवणीच्या हंगामात हवेतले बारीक कण वाढले की मुलं आणि म्हातारी माणसं श्वसनविकारांनी दवाखान्यात जास्त दाखल होतात, असं तिथल्या संशोधकांनी २००६ मध्ये मांडलं. असले उद्योग करायला आधी मोजावं लागतं. आपण मोजत नाही, त्यामुळे आपल्याकडे वाढतही नाही. पंजाबचा पेंढा जळाला की दिल्लीत चॅनलवाले मास्क लावून उभे राहतात. पंचगंगेच्या किंवा नीरेच्या काठी पाचट जळालं तर फार तर म्हशी खोकतात.

आता कारखान्याकडे वळू. तिथली मंडळी जाणकार आहेत, त्यांना सल्ला देणं म्हणजे आगाऊपणा, तरी नवशिक्यांसाठी थोडं.

बगॅस म्हणजे रस काढल्यावर उरलेला उसाचा चोथा, बॉयलरचं जळण. त्यात साधारण निम्मं पाणी असतं. मिल बंद-चालू होत राहिली, किंवा यार्डातला भिजलेला साठा तसाच ओढला, की ओलावा आणखी वाढतो. भट्टी गार पडते, जळण अर्धवट जळतं आणि चिमणीतून काळाकुट्ट धूर येतो. यावर उपाय म्हणजे हवा आणि जळणाचा मेळ बसवणं, कोरडं बगॅस मिसळणं. ते कशाला? रात्रीची पाळी ठेवा. काळा धूर काळ्या आभाळात दिसत नाही. बॉयलरच्या नळ्यांवरची काजळी उडवायला सूट ब्लोअर मारायचा तोही रात्री दोनच्या सुमारास. सकाळी लोकांना अंगणात राख दिसेल, पण ती कुणी टाकली याचा साक्षीदार मिळणार नाही.

चिमणीच्या आधी वेट स्क्रबर, म्हणजे पाण्याच्या फवाऱ्यानं धुरातली राख पकडणारं यंत्र, असेल तर त्याचा पंप वीज खातो, हे लक्षात ठेवा. पंप चालू ठेवलाच तर राख नीट न बसवता तेच पाणी फिरवत राहा. नोझल चोंदतात, फवारा धारेसारखा पडतो, धूर बाजूनं निसटतो, आणि कागदावर स्क्रबर चालूच. इएसपी, म्हणजे विजेच्या भारानं राख खेचून घेणारं यंत्र, असेल तर आणखी सोपं. राखेचे हॉपर वेळेवर रिकामे करू नका. राख चढत चढत इलेक्ट्रोडपर्यंत पोचली की फील्ड, म्हणजे त्यातला विजेचा कप्पा, ट्रिप होऊन बंद पडतं. एक फील्ड ट्रिप, दुसरं ट्रिप, आणि कोट्यवधींचा इएसपी नुसता रुंद धुराडा होतो. हॉपर मोकळा केलाच तर राख कोरडीच ट्रॉलीत भरा, वर ताडपत्री नको. फाट्यापासून गावापर्यंतच्या प्रत्येक दुचाकीस्वाराला डोळ्यांत वाटा मिळाला पाहिजे.

साखर कारखान्याच्या चिमणीला धूलिकणांची मर्यादा घनमीटरला १५० मिलिग्रॅम आहे. नमुना घ्यायला माणूस चिमणीवर चढतो, ठरलेल्या उंचीवरच्या छिद्रातून नळी घालतो, चिमणीतल्या वायूच्या वेगाइतक्याच वेगानं हवा ओढतो आणि आधी वजन केलेल्या थिंबलमध्ये, म्हणजे छोट्या गाळणीत, धूळ पकडतो. वेग चुकला की आकडा चुकतो. त्या दिवशी मिल निम्म्या भारावर आणि बगॅस कोरडं ठेवायला विसरू नका. पाहुण्यापुढे घर आवरून ठेवतोच की आपण.

गावकऱ्यांनी काय करावं? गच्चीवर पडणाऱ्या काळ्या पापुद्र्यांवरून भांडावं. पापड काळे झाले, धुणं काळं झालं, हौदात काजळी आली, याबद्दल जोरात बोलावं. हे पापुद्रे नाकातच अडकतात, शिंकरले की गेले. त्यांनी फुफ्फुसाला फारसं काही होत नाही. अडीच मायक्रॉनच्या खालचे कण दिसत नाहीत, वाळवणावर बसत नाहीत, ते थेट वायुकोशांपर्यंत जातात आणि काही पुढं रक्तात. त्यांच्याबद्दल चकार शब्द काढू नका. देशाचं मानक २४ तासांच्या सरासरीला घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेचं १५. तुमच्या गावात किती, हे सांगणारं यंत्र बहुधा जिल्ह्याच्या ठिकाणी असेल, तिथलाच आकडा आपला समजून झोपा. वार्षिक सभेत एफआरपी म्हणजे उसाचा किमान दर, सभासदांची साखर आणि टोळ्या उशिरा का आल्या, एवढे विषय पुरेत.

बगॅस यार्डात काम मिळालं तर भाग्यच. साठवून बुरशी धरलेलं बगॅस फोडताना जी बारीक धूळ उडते, तिच्यात उष्णतेत वाढणारे जिवाणू असतात. चार-आठ तासांनी थंडी वाजून ताप, कोरडा खोकला, धाप. सुट्टीत बरं वाटतं, कामावर गेलं की पुन्हा. याला बगॅसोसिस म्हणतात, १९४१ मध्ये लुइझियानात त्याचं वर्णन झालं. आपल्या कामगार भरपाईच्या कायद्याच्या परिशिष्टात तो नावानिशी छापलेला आहे, म्हणजे भरपाई मागता येते. म्हणूनच डॉक्टरांना आपण कुठे काम करतो हे सांगायचं नाही. न सांगितलं की त्याचा फ्लू होतो, नाहीतर टीबी, आणि परिशिष्ट कोरंच राहतं.

फडाकडेच्या कोप्यांत बीड-जालन्याकडून आलेल्या टोळ्या राहतात. त्यांना वेगळा सल्ला लागत नाही. पहाटे अंधारात चूल पेटवायची, ओल्या लाकडाच्या धुरात तान्हं झोपवायचं, दिवसभर फडातली धूळ आणि जाळाची काजळी ओढायची, वर ओझं उचलताना श्वास दुप्पट-तिप्पट. बाळ खोकायला लागलं तर त्याचा श्वास मोजू नका. मोजायचाच तर बाळ शांत असताना पोटाकडे बघत पूर्ण मिनिटभर मोजतात. दोन महिने ते वर्षापर्यंतच्या बाळाला ५० किंवा जास्त, पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त, म्हणजे न्यूमोनियाची शंका, त्याच दिवशी दवाखाना. छाती आत ओढली जात असेल किंवा बाळ दूध पीत नसेल तर तत्काळ. पण दवाखान्यात गेलं तर त्या दिवसाची तोडीची मजुरी बुडते, मुकादम आगाऊ दिलेल्या उचलीची आठवण करून देतो. मोजू नका, हेच बरं.

दम्याच्या पेशंटांनी इनहेलरपासून लांब राहावं. ‘पंपाची सवय लागते,’ हे सगळ्या गावाला ठाऊक आहे; धुराची सवय लागली तर चालते. डॉक्टरांनी रोजचा, सूज कमी करणारा इनहेलर दिला तर बरं वाटताच बंद करा आणि फक्त धाप लागल्यावरचा ओढत राहा. वापरताना हलवू नका, आधी श्वास सोडू नका, आणि दाबल्यावर झटक्यात ओढा, म्हणजे औषध घशातच राहील. सावकाश ओढून दहा सेकंद श्वास रोखायचा, स्पेसर लावायचा, नंतर चूळ भरायची, ही पुस्तकी थेरं. पीक फ्लो मीटर तर घरात आणूच नका. सकाळ-संध्याकाळ तीनदा फुंकून सर्वांत मोठा आकडा वहीत लिहिला, तर तो हंगामात घसरतो आणि कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळप संपल्यावर, चढतो, हे तुमच्याच अक्षरात दिसायला लागेल. आपल्या नेहमीच्या चांगल्या आकड्याच्या ८० टक्क्यांखाली गेला तर डॉक्टर औषध वाढवायला सांगतात, निम्म्याखाली गेला तर थेट दवाखाना. वहीपेक्षा ‘हवा बदलली’ हे निदान फुकट आहे. धुरात बाहेर पडायचं झालं तर एन-९५ नको, तो नाकाला घट्ट बसतो. उपरणं गुंडाळा. त्यातून बारीक कण आरामात जातात, पण माणूस रुबाबदार दिसतो.

एवढं करूनही कुणाला तक्रार करायची खाज असेलच, तर तोंडी करा. ‘लई धूर होतोय’ एवढंच बोला. तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा, फोटो यांतलं काही जोडू नका. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून माहिती अधिकारात चिमणीचे मागच्या हंगामातले नमुना अहवाल मागवता येतात, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मागवू नका. मागवलेच तर फक्त शेवटचा आकडा वाचा, तो १५० च्या आत असेल. वरच्या ओळीत नमुना घेतल्याची तारीख असते आणि त्या वेळी बॉयलर किती टन वाफेवर चालला होता ते असतं. तारीख जूनमधली निघाली आणि कारखान्याचा पट्टा मार्चमध्येच पडलेला असला, तर उगाच चुलत्याच्या पोराच्या टेम्पररी नोकरीची काळजी लागून राहायची.