झोई बार्न्सला प्रेक्षकांच्या नाराजीमुळे मारलं नाही

नेटफ्लिक्सवरच्या 'हाऊस ऑफ कार्ड्स' या अमेरिकन राजकीय मालिकेच्या दुसऱ्या सीझनबद्दल एक गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकू येते: पत्रकार झोई बार्न्स प्रेक्षकांना आवडेना, म्हणून तिला पहिल्याच भागात संपवलं. हे खरं नाही.

नेटफ्लिक्सने 2011 मध्येच दोन सीझन, म्हणजे 26 भाग, एकत्र मंजूर केले होते. मूळ ब्रिटिश मालिकेत (1990) मॅटी स्टोरिन या तरुण पत्रकाराला मुख्य पात्रच संसदेच्या गच्चीवरून खाली ढकलतं. अमेरिकेत गच्चीच्या जागी मेट्रो स्टेशन आलं, एवढंच. भूमिका करणाऱ्या केट मारालाही हा शेवट आधीपासून ठाऊक होता.

दुसऱ्या सीझनचे सगळे 13 भाग 14 फेब्रुवारी 2014 रोजी एकदमच आले. त्यामुळे 'लोकांची प्रतिक्रिया बघून पुढचे भाग बदलले' हा दावाही टिकत नाही. बदलायला मध्ये वेळच नव्हता.

धक्का मात्र खरा होता. मालिकेचं मुख्य पात्र, राजकारणी फ्रँक अंडरवुड, टोपी घालून आडोशाला उभा राहतो, झोई बोलत जवळ येते आणि क्षणात तो तिला मेट्रोखाली ढकलतो.  इतक्या विचारपूर्वक रचलेल्या प्रसंगाला प्रेक्षकांच्या रागावर केलेली मलमपट्टी म्हणणं लेखकांवर अन्याय आहे.