‘नवशिक्याला फिटिंग कशाला?’ या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार सर,

आमच्या गोल्फच्या दुकानाबद्दलचा तुमचा अभिप्राय वाचला. एक तारा आणि पाच तक्रारी: नवशिक्या माणसाचा दीड तास फिटिंगच्या, म्हणजे शरीराच्या मापाची स्टिक निवडण्याच्या, मोजमापांत घालवला आणि वर त्याची फी लावली, तुम्ही पसंत केलेला पूर्ण सेट न देता मोजक्या स्टिकचा हाफ सेट गळ्यात मारला, मामांच्या सेटला नावं ठेवली, तुम्हाला ‘सीनियर’ शाफ्ट (स्टिकची दांडी) आणि मॅडमना पुरुषांच्या स्टिक दिल्या, आणि हे सगळं ‘एका कॅडीच्या सांगण्यावरून’ (कॅडी म्हणजे खेळाडूची बॅग सांभाळणारा). पाचही गोष्टींवर बोलते. तुमची मोजमापं आमच्याकडे आहेत, पण ती तुमची आहेत. म्हणून तुम्ही स्वतः इथे जे लिहिलंय, तेवढ्याचाच आधार घेते. उत्तर लांबेल, कारण पुण्यात नव्याने गोल्फ सुरू करणारे बरेच जण हाच प्रश्न घेऊन दुकानात येतात.

शेवटची तक्रार आधी घेते, कारण ती मला सगळ्यात जास्त लागली. आमचा फिटर कॅडी होता, हे खरं आहे. तो आमच्याकडे आहे याचं कारणही तेच आहे. वर्षानुवर्षं लोकांच्या मागे उभं राहून त्याने चांगले-वाईट स्विंग पाहिलेत. स्टिक जमिनीला कुठे लागली, खांदा कधी उघडला, हातात चुकीच्या लांबीची स्टिक असली की माणूस कसा वाकतो, हे त्याला मशीनचा आकडा येण्याआधी दिसतं. १९९१ साली इंडियन ओपन जिंकणारे पहिले भारतीय व्यावसायिक खेळाडू अली शेर हे दिल्ली गोल्फ क्लबवर कॅडीच होते. या देशातलं गोल्फचं बरंचसं खरं ज्ञान कॅडींनी सांभाळलंय. तुमचा बाकीचा अभिप्राय आहे तसा राहू द्या, एक तारासुद्धा राहू द्या. ते एक वाक्य मात्र काढावं, ही मनापासून विनंती.

आता मूळ मुद्दा. तुम्ही लिहिता, ‘स्विंगच तयार झालेला नाही तर फिटिंग कशाचं करणार? इंटरनेटवर सगळे हेच सांगतात.’ यातलं अर्धं मला पूर्ण मान्य आहे. ड्रायव्हरचा (सगळ्यात लांब स्टिकचा) लॉफ्ट, म्हणजे चेहऱ्याचा तिरपेपणा, अर्ध्या अंशाने बदलायचा, चेंडूची फिरकी मोजून महागडा शाफ्ट निवडायचा, हे नवशिक्यासाठी करणं म्हणजे त्याचे पैसे वाया घालवणं. दर फटका वेगळा असतो, मग आकडे कशाचे धरायचे? पण लांबी, वजन, ग्रिपची (मुठीची) जाडी आणि शाफ्टचा साधारण कडकपणा या चार गोष्टी स्विंगच्या बारकाव्यांवर कमी आणि शरीरावर व त्याच्या साधारण वेगावर जास्त अवलंबून असतात. शरीर तर पहिल्या दिवसापासून तेच आहे.

शिवाय स्विंग तयार होतो तो हातातल्या स्टिकभोवती. स्टिक आखूड असली की माणूस कंबरेतून जास्त वाकतो आणि तासाभरात पाठ धरते. लांब असली की तो सरळ उभा राहतो आणि चेंडूआधी जमीन खणतो. जड असली की हात ओढले जातात. शरीर या सगळ्यावर आपापला तोडगा काढतं आणि तो तोडगाच सवय होऊन बसतो. मग सहा महिन्यांनी कोचकडे जी चूक सुधारायला पैसे भरायचे, ती मुळात स्टिकने शिकवलेली असते. आठ वर्षांच्या मुलाला ‘पुढेही चालेल’ म्हणून मोठ्या माणसाची बॅट घेऊन दिली की तो सरळ बॅटने खेळायचं सोडून आडवी फिरवायला लागतो, हे तुमच्यासारख्या क्रिकेट खेळलेल्या माणसाला मी वेगळं सांगायला नको.

तुम्ही म्हणता, ‘माझी उंची सहा फूट एक इंच, तरी स्टँडर्ड लांबीच दिली; मग मोजलं कशाला?’ मोजलं म्हणूनच स्टँडर्ड देता आली. लांबी ठरवताना नुसती उंची पुरत नाही. बूट घालून, हात सैल सोडून, मनगटापासून जमिनीपर्यंतचं अंतर बघावं लागतं. उंच माणसाचे हातही लांब असतील तर त्याचं मनगट मध्यम उंचीच्या माणसाइतकंच खाली येतं. अशा माणसाला एक इंच लांब स्टिक दिली तर ती पोटात शिरते. पुरुषांची स्टील शाफ्टची सेव्हन आयर्न (धातूच्या पातळ डोक्याची, मधल्या पल्ल्याची स्टिक) साधारण ३७ इंचांची येते. कुणाला तेवढीच बसते, कुणाला अर्धा इंच कमी लागते, आणि हे काउंटरवरून नुसतं बघून कळत नाही.

लाय अँगलचंही तेच. स्टिक जमिनीवर टेकवली की शाफ्ट आणि जमीन यांच्यात जो कोन होतो तो लाय. तो गरजेपेक्षा उभा असला की टो (डोक्याचं पुढचं टोक) वर उचलली जाते आणि उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू डावीकडे जातो; फार आडवा असला तर उजवीकडे. हे बघायला सोलवर (डोक्याच्या तळाला) टेप लावून तुम्हाला बोर्डवरून मारायला लावलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंय, ‘एवढे फटके मारून घेतले आणि शेवटी काहीच बदललं नाही.’ बदललं नाही, हाच त्या तपासणीचा निर्णय होता. नवशिक्याच्या टेपवरचा डाग कधी हीलकडे (दांडीकडच्या बाजूला) तर कधी टोकडे जातो. एका जागी येत नाही तोवर लाय वाकवायला मी कुणालाच देत नाही. त्यातून तुम्ही घेतलेल्या आयर्न कास्ट (ओतीव) स्टेनलेस स्टीलच्या आहेत. फोर्ज्ड (घडीव) आयर्नचं मऊ पोलाद दोन-तीन वेळा वाकवता येतं, कास्ट मात्र एखाद-दोन अंशांपलीकडे नेली किंवा पुन्हा पुन्हा वाकवली तर होझलपाशी (डोकं दांडीला जुळतं तिथे) तडकू शकते. म्हणून ती संधी राखून ठेवली आहे.

‘सीनियर’ या शब्दाने तुम्ही दुखावलात. बेचाळिसाव्या वर्षी हा शब्द ऐकून कुणालाही वाईट वाटेल. पण शाफ्टवरचं अक्षर वय सांगत नाही. ड्रायव्हर ताशी ७५ ते ८५ मैल वेगाने फिरत असेल तर साधारण सीनियर, ८५ ते ९५ मैलांना रेग्युलर, त्यापुढे स्टिफ, असा ढोबळ हिशेब आहे. तोही ढोबळच, कारण या अक्षरांना सर्व कंपन्यांमध्ये एकच माप नाही. एकीचा रेग्युलर दुसरीच्या स्टिफइतका कडक निघू शकतो. क्रिकेटमधून आलेल्यांच्या मनगटात ताकद भरपूर असते, पण सुरुवातीला ते ग्रिप इतकी घट्ट आवळतात की स्टिकचं डोकं सुटतच नाही आणि वेग कमी भरतो. तुमचा वेग वाढेल. तेव्हा शाफ्ट बदलता येतो, डोकी तीच राहतात. आज मात्र कडक शाफ्ट दिला असता तर चेंडू बुटका आणि उजवीकडे गेला असता, आणि तो वर काढण्यासाठी तुम्ही मागच्या पायावर रेलायला शिकला असता.

मॅडमच्या बाबतीत हेच उलट बाजूने झालं. तुम्हीच लिहिलंय की त्या पाच फूट आठ इंच उंच आहेत आणि अनेक वर्षं बॅडमिंटन खेळल्या आहेत. बाजारातला ‘लेडीज सेट’ म्हणजे पुरुषांच्या सेटपेक्षा साधारण एक इंच आखूड, सर्वांत लवचीक शाफ्ट आणि बारीक ग्रिप. तो ज्यांना बसतो त्यांना उत्तम बसतो. पण उंच आणि हातात वेग असलेल्या बाईला केवळ ती बाई आहे म्हणून तो देणं मला पटत नाही, आणि मी या धंद्यात असेपर्यंत ते करणार नाही. कितीतरी बायका अशा सेटने वर्षभर झगडतात आणि ‘आपल्याला हा खेळ जमत नाही’ म्हणून सोडून देतात. त्यांच्या स्टिकवर पुरुषांचं लेबल आहे, हे खरं. ग्रिप मात्र त्यांच्या हाताच्या मापाची बसवली आहे: डाव्या हाताची मधली दोन बोटं गुंडाळली की टोकं तळव्याला जेमतेम टेकतात, इतपत.

मामांच्या सेटबद्दल. मर्चंट नेव्हीत असताना त्यांनी तो परदेशातून आणला, त्यात त्यांचा जीव आहे, हे तुम्ही तेव्हाही सांगितलं होतंत. त्याला कुणी नावं ठेवलेली नाहीत. सुंदर सेट आहे. पण त्या ब्लेड आयर्न आहेत: पातळ सोल, छोटा चेहरा, वजन मधोमध एकवटलेलं, शाफ्ट जड स्टीलचे. चेंडू मधल्या जागेवर लागला तर त्यासारखं सुख नाही, अर्धा इंच सरकला तर हाताला झिणझिण्या येतात आणि चेंडू जागेवरच पडतो. ‘पिंग’ कंपनीचे संस्थापक कार्स्टन सोल्हाइम यांनी आयर्नची पाठ पोकळ करून वजन कडेला नेलं, ते याच चुकलेल्या फटक्यांसाठी. अशी पोकळ पाठीची, म्हणजे कॅव्हिटी बॅक आयर्न चूक माफ करते, ब्लेड करत नाही. शिवाय जुन्या सेव्हन आयर्नचा लॉफ्ट ३५ अंशांच्या आसपास असायचा, आजच्या नवशिक्यांच्या सेव्हन आयर्नचा ३०च्या आसपास असतो. म्हणजे ती स्टिक आजच्या एट-नाइनएवढं अंतर देते. मामांचा पटर (चेंडू भोकात ढकलायची स्टिक) मात्र ठेवा, असं आमच्या फिटरने आग्रहाने सांगितलं. त्याची लांबी तुम्हाला बरोबर बसते, फक्त ग्रिप कडक झाली आहे. ही गोष्ट अभिप्रायात राहून गेली.

हाफ सेट. नियमांत १४ स्टिकची मर्यादा आहे. तेवढ्या भरल्याच पाहिजेत असं कुठे नाही. शेजारच्या दोन आयर्नमध्ये चारेक अंशांचा फरक असतो. सराईत खेळाडूला त्यातून दहा-बारा यार्डांचं अंतर मिळतं. नवशिक्याची सिक्स आणि सेव्हन एकाच ठिकाणी जाऊन पडतात. म्हणून लांब पल्ल्यासाठी फाइव्ह वुड आणि फाइव्ह हायब्रिड, मग सेव्हन आणि नाइन आयर्न, जवळच्या फटक्यांसाठी पिचिंग वेज आणि सँड वेज, आणि मामांचा पटर. ड्रायव्हर नाही, कारण सगळ्यात लांब आणि पटर सोडून सगळ्यात कमी लॉफ्टची ही स्टिक पहिल्या काही महिन्यांत नुसता उजवीकडचा फटका पक्का करते. फाइव्ह वुडने टीवरून (पहिल्या फटक्याच्या जागेवरून) मारा, चेंडू निदान फेअरवेवर (मधल्या कापलेल्या गवतावर) सापडेल. सँड वेज निवडताना आम्ही सोलचा बाउन्स (तळाचा फुगवटा) बेताचा ठेवला. येरवड्याच्या कोर्सवर खेळायचा विचार असल्याचं तुम्ही लिहिलंय, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये जमीन इतकी कडक होते की फार बाउन्सची वेज चेंडूखाली शिरायच्या आधीच उसळते.

आयर्न आधीच्या वर्षीच्या मॉडेलच्या आहेत, हेही खरं, आणि बिलावर तसं लिहिलेलं आहे. नव्या मॉडेलमध्ये तुम्हाला आज कळेल असा फरक नव्हता. तुम्ही पसंत केलेला सेट विकला असता तर दुकानाला जास्त पैसे मिळाले असते. फिटिंगची फी खरेदीत वळती केली आहे. बिलात एकूण रकमेच्या वरच्या ओळीत ती वजा दाखवलेली दिसेल.

पुढचं सांगते. कोचकडे नियमित जायला लागलात आणि फटके थोडे एका जागी पडायला लागले की दोघंही स्टिक घेऊन या. टेपवर लाय पुन्हा बघू, गरज असेल तर एखादा अंश वाकवू, वेग मोजू, शाफ्ट बदलायचा का ते तेव्हा ठरवू. याचे पैसे लागणार नाहीत. ड्रायव्हरचं फिटिंगही तेव्हाच करू, त्यात खरंच अर्थ असेल. तोवर बॅग गाडीच्या डिकीत ठेवू नका, उन्हाने ग्रिप लवकर कडक होतात. आणि येताना मामांचा पटर आठवणीने आणा. शनिवार-रविवार सरावाच्या रेंजवर गर्दी असते, मधल्या वारी दुपारनंतर आलात तर आमचा फिटर तुम्हाला निवांत वेळ देईल.