कपट कोणाला कळले आणि केव्हा : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

माझ्या ‘पेव’ (म्हणजे हळद साठवण्याचे जमिनीखालचे कोठार) या कथामालेचा सहावा भाग वाचून आपण वाईहून सविस्तर प्रतिक्रिया पाठवलीत, त्याबद्दल मनापासून आभार. आपला आक्षेप थोडक्यात असा आहे : हळदीचा अडत्या बनून सांगलीजवळच्या हरिपुरात आलेला यक्ष वाचकाला तिसऱ्याच भागात ओळखू येतो, त्यामुळे सहाव्या भागात त्याचे बिंग फुटते तेव्हा काहीच वाटत नाही; शिवाय जे वाचकाला कळते ते हळदीच्या घरात वाढलेल्या नायिकेला तीन भाग कळू नये, हे तिला बावळट ठरवणारे आहे. दमयंतीने देवांचे सोंग स्वतःच्या बुद्धीने ओळखले, मग आपली नायिका एवढी आंधळी कशी, असेही आपण विचारले आहे.

पुराणकथेत कपट श्रोत्यापासून लपवून ठेवण्याची रीत फारशी दिसत नाही. रावण आणि मारीच यांचे बोलणे आपण आधी ऐकतो आणि सुवर्णमृग नंतर दिसतो. लक्ष्मण तर रामाला तिथल्या तिथे सांगतो की हा मारीच आहे, आणि तरीही राम त्याच्यामागे जातो. इंद्र ब्राह्मणाच्या वेषात कवचकुंडले मागायला येणार, हे सूर्याने कर्णाला आधीच सांगितलेले असते. बटू कोण आहे हे शुक्राचार्य बळीच्या कानी घालतात, आणि बळी तरीही दान देतो. ज्याला सगळे ठाऊक आहे तो आता काय करील, या एकाच प्रश्नावर आपला जीव टांगलेला राहतो. खुनाच्या तपासाची कथा मी लिहीत असतो, तर आपला आक्षेप मी शब्दशः मान्य केला असता, कारण तिथे नाव कळले की कथा संपते. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली याच सांगलीत ‘सीतास्वयंवर’ उभे केले, त्या परंपरेतला राक्षस तर आरोळी ठोकतच रंगभूमीवर येई. त्याची ओळख लपवावी असे कोणाला सुचलेही नसेल, आणि त्यावाचून प्रेक्षकांचे काही अडलेही नाही.

दमयंतीविषयी मात्र मला थोडे अडवायचे आहे. वनपर्वातल्या कथेत तिच्यासमोर हुबेहूब पाच नळ उभे असतात, आणि देवांची लक्षणे तिने वृद्धांकडून ऐकलेली असूनही त्यांतले एकही तिला त्या पाचांत दिसत नाही. मग ती आपल्या सत्याची शपथ घालून देवांनाच शरण जाते आणि त्यांनी आपले खरे रूप दाखवावे अशी विनवणी करते. त्यानंतरच न लवणारे डोळे, घामाचा अभाव, न कोमेजलेल्या माळा आणि जमिनीला न टेकलेले पाय तिला दिसतात. म्हणजे सोंग करणाऱ्यांनीच ते उतरवले. तिची बुद्धी मला दिसते ती चौघांना तसे करायला भाग पाडण्यात.

स्वतःच्या नजरेने ओळखणारा माणूस हवा असेल, तर तो जरासंध आहे. कृष्ण, भीम आणि अर्जुन स्नातकांच्या वेषात येतात, आणि त्यांच्या बाहूंवरचे प्रत्यंचेचे घट्टे जरासंधाच्या नजरेतून सुटत नाहीत. वेष बदलता येतो, पण सवयीने देहावर उमटलेली खूण झाकता येत नाही, आणि कपट उघडे पडायचे तर ते अशाच खुणेने पडावे, हे मी तिथून घेतले.

आता कृपया तिसरा भाग पुन्हा काढून पाहावा. पेवाचे तोंड उघडल्यावर आतली कोंडलेली हवा जाईपर्यंत थांबावे लागते, कंदील खाली सोडून पाहतात, आणि तो विझला तर माणूस उतरत नाही. हे हरिपुरात आणि सांगलवाडीत कोणालाही सांगावे लागत नाही. माझ्या कथेत कंदील विझतो, आणि बोलण्याच्या भरात असलेला अडत्या तरीही खाली उतरून मूठभर हळद घेऊन वर येतो, त्याचा श्वासही चढलेला नसतो. त्या वेळी नायिका तराजूपाशी उभी आहे. ती हमालाला एवढेच म्हणते, “कंदील पुन्हा लावून आण,” आणि सौदा पुढे चालू ठेवते.

तिने पाहिले होते. ती तीन भाग गप्प राहिली आहे. सहाव्या भागात जे उघड होते ते यक्षापुढे उघड होते : आपण ओळखले गेलो आहोत आणि या बाईने जाणूनबुजून आपल्याशी व्यवहार केला, हे त्याला तिथे पहिल्यांदा कळते. वाचकाने त्या वेळी यक्षाच्या चेहऱ्याकडे पाहावे अशी माझी अपेक्षा होती. आपण नायिकेच्या चेहऱ्याकडे पाहत राहिलात, आणि तिथे अर्थातच काही नवे घडले नाही.

गप्प राहण्याचे कारणही तिच्या व्यवहारात आहे. कर्णाने कवचकुंडले दिली, पण मोबदल्यात इंद्राकडून अमोघ शक्ती मागून घेतली, आणि हे त्याला साधले कारण समोर कोण उभा आहे हे तो जाणत होता. २००५ च्या महापुरात कृष्णेचे पाणी पेवांत शिरून काय झाले, हे आमच्या भागात कोणी विसरलेले नाही. पाण्याने हळदीला शिवू नये, हे वचन साध्या अडत्याकडे मागून काय उपयोग? ते यक्षाकडेच मागायचे होते, आणि त्यासाठी त्याचे सोंग सौदा पुरा होईपर्यंत टिकू देणे तिला भाग होते.

शेवटी यक्षाने आपल्या सगळ्या युक्त्या सविस्तर सांगाव्यात, ही आपली सूचना मला स्वीकारता येणार नाही. पकडल्यावर स्वतःच्या कपटाचा पाढा वाचणारा कपटी मला पटत नाही. जे वाचकाने पाहिले ते पुन्हा सांगण्यात पाने जातात आणि पात्र हलके होते.

सातव्या भागात त्याला शिक्षा होणार का, असे आपण विचारले आहे. राहूचे शीर उडाले, पण अमृत तोवर गळ्यापर्यंत पोहोचले होते, आणि ज्यांनी त्याचे नाव सांगितले त्या सूर्यचंद्रांना तो अजून ग्रासतो. माझ्या कथेत विझलेला कंदील पुन्हा लावून आणणाऱ्या हमालानेही सगळे पाहिलेले आहे. सातवा भाग त्याचा आहे.