पाच रुपयांची चिठ्ठी

आमच्या गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात पूर्वी चिठ्ठी काढायला पाच रुपये लागायचे. पाच रुपये कुणाकडेही असतात, पण पाचाचं नाणं नसतं. डॉक्टरांच्या आधी खिडकीतले भाऊ तपासायचे आणि सगळ्यांना एकच निदान सांगायचे, "चिल्लर आणा जी."

गाव नागपूरपासून तासाभरावर. मे महिना. मोठ्या आईला ताप आणि माझ्या खिशात शंभराची नोट. तिला बाकावर बसवलं, डोक्याला दुपट्टा गुंडाळला आणि सुट्ट्यांच्या शोधात निघालो. पानठेलेवाला म्हणाला, "काही घ्या तं देतो." खर्रा मी खात नाही. म्हणून शेजारी वीस रुपयांचे तर्री-पोहे खाल्ले. उरलेल्या पैशांत दहाचं एक नाणं आलं. ते रुबाबात खिडकीवर ठेवलं.

भाऊंनी उलटसुलट करून पाहिलं. "हे नाही चालत."

मी म्हटलं, "रिझर्व्ह बँकेने 2018 मध्येच सांगितलंय, दहाची चौदाही प्रकारची नाणी खरी आहेत."

"मंग तिथंच चालवा ना जी."

अख्खी रांग भाऊंच्या बाजूने. शेवटी एका माउलीने कमरेच्या बटव्यातून पाचाचं नाणं काढलं आणि माझं दहाचं घेतलं, उपकार केल्यासारखं. म्हणजे पाचाची चिठ्ठी मला तीसला पडली, शिवाय तर्रीचं पित्त. चिठ्ठीवर भाऊंनी मोठ्या आईचं वय सत्तरऐवजी सतरा लिहिलं. तिचा निम्मा ताप तिथंच उतरला.

या चिठ्ठीमागे फार मोठी माणसं आहेत, हे मला मागाहून कळलं. पैसे नाहीत म्हणून कुणाचे उपचार अडू नयेत, असं इंग्रज सरकारने आरोग्यसेवेसाठी नेमलेल्या भोर समितीने 1946 मध्ये लिहून ठेवलं होतं. पण 1987 मध्ये जागतिक बँकेने गरीब देशांना सल्ला दिला, की सरकारी दवाखान्यात पेशंटकडून थोडे पैसे घेत जा. तेवढाच दवाखान्याला हातभार, आणि उगाचची गर्दीही कमी. गर्दीचं खरं आहे. भर मे महिन्यात दहाचं नाणं घेऊन फिरलेला माणूस गरज असली तरी पुन्हा येत नाही.

मग 15 ऑगस्ट 2023 पासून राज्य सरकारने सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत सगळं मोफत केलं. (नागपूरच्या मेडिकल-मेयोचं, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजांच्या दवाखान्यांचं खातं निराळं, तिथं सुट्टे घेऊनच जा.) मी हौसेने मोठ्या आईला फोन केला.

"फुकटची दवाई लागू पडते काय रे कोनाले?"

मोठी आई शाळेची पायरी चढलेली नाही, पण मत थेट जागतिक बँकेचं.

यंदा गुडघा धरला म्हणून तिला पुन्हा घेऊन गेलो. तीच खिडकी, तेच भाऊ. चिठ्ठी मिळाली, गोळ्या मिळाल्या, कुणी काही मागितलं नाही. मोठी आई अस्वस्थ. निघताना तिने पदराची गाठ सोडली, पाचाचं नाणं खिडकीत ठेवलं आणि दुखऱ्या गुडघ्याच्या मानाने फारच भरभर ऑटोकडे चालू लागली.

"आजी, पैसे नाही लागत आता!"

"असू दे ना बाप्पा!"

"पावतीबुकच नाही, तं टाकू कुठं?"

भाऊ नाणं घेऊन मागे धावत आले. इतक्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदाच छातीच्या खाली पाहिलं. पायात निळ्या स्लिपरा होत्या. मोठ्या आईने मूठ काही उघडली नाही. धापा टाकत त्यांनी ते चकचकीत पाचाचं नाणं माझ्या हातात कोंबलं.

"तुमीच ठेवा जी. तुमाले लागते चिल्लर."