‘आवाज आला की बघू’ हा सल्ला पाळू नका

हार्ड डिस्कबद्दलचा एक मेसेज सध्या पुन्हा फिरतोय. त्यातला मजकूर थोडक्यात असा: डिस्क अचानक जात नाही, आधी टकटक आवाज करते. आवाज नसेल आणि तपासणीत ‘गुड’ दिसत असेल तर निर्धास्त राहा. बिघडलीच तर चेकडिस्क (विंडोजमधलं डिस्क तपासायचं साधन) चालवा, नाहीतर डिस्क पिशवीत गुंडाळून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. एसएसडी, म्हणजे चिपवर डेटा साठवणारी डिस्क, असेल तर चिंताच नाही.

यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य कुणाचा तरी डेटा घालवू शकतं, म्हणून हे लिहितोय.

आधी आवाजाचं. हेडला, म्हणजे फिरत्या तबकडीवरचा डेटा वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या भागाला, आपली जागा सापडेनाशी झाली की ते मागे जाऊन पुन्हा पुन्हा प्रयत्न करतं, त्याची ती टकटक. म्हणजे ती ऐकू येते तेव्हा बरंच काही होऊन गेलेलं असतं. त्याआधीच्या खुणा बिनआवाजी असतात: एखादं फोल्डर उघडायला मिनिटभर लागणं, कॉपी ठरावीक फाइलवर अडकणं, कालपर्यंत उघडणारा फोटो अर्धा राखाडी दिसणं, ड्राइव्ह मध्येच गायब होऊन परत येणं.

‘गुड’ या शब्दावर तर अजिबात विसंबू नका. डिस्कमधली स्मार्ट यंत्रणा (डिस्कच्या तब्येतीच्या नोंदी ठेवणारी) उत्पादकाने ठरवलेली मर्यादा ओलांडली गेली तरच धोक्याचा शेरा देते. गूगलने २००७ साली आपल्या एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात बंद पडलेल्यांपैकी ३६ टक्क्यांहून अधिक डिस्कमध्ये तापमान सोडून स्मार्टच्या एकाही नोंदीत काहीच दिसलं नव्हतं. मात्र पृष्ठभागाच्या तपासणीत पहिली चूक सापडली की पुढच्या ६० दिवसांत डिस्क जाण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या ३९ पट होती. तेव्हा शेरा सोडा, आकडे बघा. ५, १९७ आणि १९८ क्रमांकाच्या नोंदी, म्हणजे बदललेले, अडकलेले आणि न वाचता येणारे सेक्टर (डेटा साठवायचे छोटे कप्पे). तिथली मूळ संख्या शून्यावरून वर सरकू लागली की डिस्कवरचा विश्वास संपला. १९९ वाढत असेल तर आधी केबल बदलून पाहा, बहुतेक वेळा दोष तिथेच निघतो.

सर्वात घातक सल्ला चेकडिस्कचा. ते फाइल सिस्टीमची, म्हणजे कुठली फाइल कुठे आहे या नोंदींची, मांडणी दुरुस्त करतं, झिजलेली डिस्क नाही. खराब सेक्टर शोधायला ते पूर्ण डिस्क वाचत जातं, वर तिच्यावर लिहितंही. मरणासन्न डिस्कला तासन्‌तास पळवण्यासारखंच हे. एका विद्यार्थिनीचा लॅपटॉप माझ्याकडे आला होता. संध्याकाळी तिला प्रबंधाचं फोल्डर दिसत होतं. कुणाच्या तरी सांगण्यावरून तिने रात्रभर चेकडिस्क चालवलं आणि सकाळी डिस्क ओळखलीच जाईना. संध्याकाळी आधी ते एक फोल्डर दुसरीकडे घेतलं असतं तर काम वाचलं असतं, याची हळहळ मला अजून आहे.

क्रम उलटा हवा. डिस्क अजून दिसत असेल तर सर्वात मोलाच्या फाइल आधी उचला. मग डीडीरेस्क्यूसारख्या साधनाने पूर्ण डिस्कची नक्कल दुसऱ्या डिस्कवर घ्या. ते सहज वाचता येणारा भाग आधी घेतं, अडणारा शेवटी. दुरुस्तीचे प्रयोग करायचेच तर त्या नकलेवर करा. टकटक सुरू झाली असेल तर मात्र वीज बंद करा, पुन्हा चालू करून पाहू नका आणि थेट डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेकडे जा.

फ्रीजरबद्दल एवढंच: हेड तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगतं. बाहेर काढलेल्या थंड डिस्कवर दव धरतं. तिथे पाण्याचा अंशही नको.

एसएसडीमध्ये फिरणारं काही नसतं, म्हणून ती आवाजही करत नाही. तिचा कंट्रोलर (तिचं काम चालवणारी चिप) गेला की कालपर्यंत नीट चालणारी डिस्क आज दिसतच नाही. शिवाय ट्रिममुळे, म्हणजे पुसलेल्या फाइलची जागा खरोखर रिकामी करून टाकणाऱ्या सोयीमुळे, त्या फाइल परत मिळणं जवळजवळ अशक्य होतं. एसएसडी असेल तर बॅकअपची गरज वाढते.

आणि क्लाउडशी सिंक असलेलं फोल्डर म्हणजे बॅकअप नव्हे. इथे चुकून पुसलेली फाइल तिथूनही पुसली जाते. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर ठेवा. त्यातली एखादी फाइल आजच परत उघडून पाहा.